तिसऱ्या ओळीतली वाफ

४ मार्च

ताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. पत्र फाडून टाकायच्या आधी दोन ओळींवर तरी नजर जाईल, एवढीच आशा. मी लिहितेय हे भाऊजींना माहीत नाही आणि मला त्यांची वकिलीही करायची नाही. चिमीला घेऊन निघालीस तेव्हा तू त्यांना म्हणालीस की एक तर ती नोकरी नाही तर मी. तुमच्या दोघांमधल्या त्या वाक्यात मी अजून अडकून पडलेय.

इथे सगळं ठीक आहे. भाऊजींच्या कानामागची जखम भरली, टाके निघाले. काचेचा कण आत राहिलेला नाही असं डॉक्टर म्हणाले. साहेबांनी आता त्यांना स्टोअरमध्ये बसवलंय. दिवसभर पंख्याखाली नट-बोल्ट वाटतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं खातात. जेवायला माझ्याकडे येतात. आधी दोन दिवस स्वतःच्या हातचं खाऊन बघितलं, मग येऊन म्हणाले, "धाकटे, तुझा स्वयंपाक वाईटच आहे, पण माझ्यापेक्षा बरा."

चिमीने मागे मला विचारलं होतं, मावशी, तू तिकडे खुर्चीत बसून नक्की करतेस काय. तेव्हा मी हसून टाळलं. आता तिला हे वाचून दाखव.

आमच्याकडे आरशांच्या ओळी आहेत. छपराला पन्हळ असते ना, तशा आकाराचे आरसे, एकाला लागून एक, आणि ओळ इतकी लांब की दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस ओळखू येत नाही. आरसे दिवसभर सूर्याकडे तोंड करून हळूहळू वळत असतात. त्यांनी गोळा केलेलं ऊन मधोमध टांगलेल्या एका नळीवर पडतं. नळी पोलादाची, तिच्यावर काचेचं वेष्टन. दुसऱ्या ठिकाणी अशा नळीत तेल फिरवतात आणि मग त्या तापलेल्या तेलावर पाणी उकळतात. आमच्याकडे तो मधला दलाल नाही. पाणी थेट नळीतच सोडायचं. या टोकाला पाणी शिरतं, मधे कुठेतरी उकळतं, त्या टोकाला कोरडी वाफ होऊन निघतं आणि टर्बाइन फिरवतं. वेगळा बॉयलर नाहीच, अख्खी ओळच बॉयलर. तुझी मावशी पडद्यावरचे आकडे बघते आणि पाणी किती सोडायचं, आरसे कधी वळवायचे ते ठरवते. झालं, एवढंच काम.

इथली काळजी करू नकोस.

तुझी धाकटी


१२ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. असू दे. मला लिहायची सवय लागलीय, आणि इथे बोलायला दुसरं आहे तरी कोण.

गेले काही दिवस आभाळ धड नाही. पूर्ण भरून आलं तर आम्ही आरसे पालथे करून गप्प बसतो, कटकट नसते. हे तुकड्या-तुकड्यांचे ढग वाईट. अर्ध्या ओळीवर सावली, अर्धीवर ऊन. पाणी कुठे उकळेल याचा नेम राहत नाही. मधल्या भागात पाणी कमी पडलं की ते तळाशी वाहतं आणि वर नुसती वाफ. मग नळी वरून भाजते आणि खालून त्यामानाने गार राहते. अशी नळी सरळ राहत नाही, धनुष्यासारखी वाकते. काच फुटते ती त्यामुळेच. काच फुटली की काय होतं ते तुला सांगायला नको.

आणि ऊन परत आलं की नळीत अडून राहिलेला पाण्याचा गोळा वाफेच्या रेट्याने पुढे जाऊन कोपऱ्यावर आदळतो. धाड. कंट्रोल रूमच्या खिडक्या बंद असतात, तरी तो आवाज मला छातीत लागतो.

साहेबांना थांबायचं नाहीये. प्रकल्प विकत घेणारी मंडळी पाहणीला यायची आहेत आणि त्यांना ओळी सलग चालताना दाखवायच्या आहेत. मी म्हटलं, असलं आभाळ असेल तर आरसे वळवून तिसरी ओळ तरी उन्हातून काढू या. ते म्हणाले, "अहो मॅडम, ढगाला घाबरून कुणी सूर्यावर प्रकल्प बांधतं का?" सगळे हसले. मीही हसले.

मला भीती गळतीची वाटते. कोरडी वाफ दिसत नाही, ताई. चहाच्या भांड्यावर पांढरं दिसतं ते वाफ निवून पुन्हा झालेले पाण्याचे थेंब. खरी वाफ हवेसारखी असते. आमच्या नळीतला दाब घरच्या कुकरच्या शंभरपट. तिला भोक पडलं तर समोर काही दिसतच नाही, नुसता आवाज येतो. म्हणून गळती शोधायला जाणारा माणूस लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालतो. झाडू कापला गेला की समजायचं, इथून पुढे पाऊल टाकायचं नाही.

भाऊजी म्हणत होते की तिसऱ्या ओळीच्या टोकाचा सांधा कुरकुरतोय. स्टोअरमध्ये बसून त्यांना कसं कळलं, असं तू विचारशील. जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला जातात तिकडे. तेवढंच. शर्टाला ग्रीस लागलं होतं ते मी साबण लावून काढलं.

चिमीचा खोकला कसा आहे?

धाकटी


१९ मार्च

ताई,

इथून कुणाचा फोन येऊन तुला काहीबाही कळलं असेल, तर आधी हे वाच. भाऊजी जिवंत आहेत. शुद्धीवर आहेत, बोलतात. उजवा हात कोपरापासून खाली भाजलाय, पण बोटं हलतात. डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, ते येईल असं डॉक्टर म्हणतात.

ते स्टोअरमध्ये नव्हते. कधीच नव्हते. टाके निघाले त्याच आठवड्यात ते पुन्हा ओळींवर गेले. तुला कळवू नको म्हणून त्यांनी मला सांगितलं आणि मी तुला पंखा, नट-बोल्ट असलं काय काय लिहिलं. आता तू हे पत्र फाडलंस तरी चालेल, पण पहिला परिच्छेद वाचल्यावर फाड.

बाकीचं नंतर लिहीन. अक्षर बघ कसं आलंय.

धाकटी


२३ मार्च

ताई,

आता सगळं सांगते.

त्या दिवशी सकाळपासून ढगांची ये-जा होती. भाऊजींनी साहेबांना सांगितलं, तिसऱ्या ओळीचा सांधा एकदा उघडून बघायला हवा. आरशांबरोबर नळी फिरते आणि जमिनीवरचा पाइप फिरत नाही, म्हणून त्या दोघांमध्ये एक फिरता सांधा असतो, आपल्या खांद्यासारखा. साहेब म्हणाले, बघा, पण ओळ चालू ठेवून बघा. भाऊजी गेले. ती जागा तू पाहिलेली नाहीस. मागे वारा अडवायला बांधलेली उंच भिंत, दोन्ही बाजूंना वळून आलेले जाड पाइप आणि मधे एखाद्या स्वयंपाकघराएवढी मोकळी जागा. आत शिरायला आणि बाहेर पडायला एकच वाट.

ढग सरकला, ऊन आलं, आणि पडद्यावर तिसऱ्या ओळीच्या नळीचं वरचं तापमान खालच्याला सोडून वर पळायला लागलं. मी साहेबांना विचारलं नाही. ओळ वळवायचं बटण दाबलं. पण आरसे जड असतात, वळायला वेळ घेतात. ते वळत असतानाच धाड झाली, नेहमीपेक्षा मोठी, आणि तिच्यामागून दुसरा आवाज सुरू झाला तो थांबेचना. जाड कापड टराटरा फाडावं तसा, पण हे कापड संपतच नव्हतं.

माझ्या शेजारी लांब्या बसतो, माझ्या पाळीचा जोडीदार. त्याचा चेहरा पांढराफटक झाला. "आत कोण आहे?" त्याने विचारलं.

आत कोण आहे ते मला माहीत होतं. मी रेडिओ उचलला. कामावर मी त्यांना 'फिटर' म्हणते, सगळ्यांसारखी. तेव्हा तोंडातून निघालं, "भाऊजी."

"आहे," ते म्हणाले. "भिंतीपाशी आहे. कुठून फुटलंय गं? आवाज सगळीकडून येतोय."

आवाज भिंतीवर आपटून परत फिरत होता. आणि दिसत तर काहीच नव्हतं. मी म्हटलं, जागचे हलू नका, झाडू आहे का हाताशी? होता. मी म्हटलं, बाहेरच्या वाटेकडे तो हळूहळू पुढे करा. थोडा वेळ नुसता तो टराटरा आवाज.

मग ते म्हणाले, "गेला."

"काय गेला?"

"झाडू. पुढचं टोकच राहिलं नाही. अगदी वाटेवरच आहे, कमरेच्या उंचीला."

आरसे वळले तरी नळीत कोंडलेलं पाणी वाफ करतच राहतं. ती दुसऱ्या टोकाच्या झडपेतून मोकळी करायची असते. झडप भसकन उघडली की दाब एकदम पडतो, आतलं पाणी उसळतं आणि पुन्हा तीच धाड बसते, या वेळी कदाचित भाऊजींच्या डोक्याशेजारच्या कोपऱ्यावर. हळू उघडली तर ते तेवढा वेळ तिथेच. लांब्या म्हणत होता, पूर्ण उघड, अगं पूर्ण उघड. साहेब धावत आले आणि म्हणाले, फक्त तिसरी बंद करा, बाकीच्या चालू राहू द्या. मी दोघांचंही ऐकलं नाही. सगळ्या ओळी उन्हातून काढल्या, आणि झडप थोडी उघडायची, थांबायचं, पुन्हा थोडी, असं करत बसले.

"धाकटे, मी खालून सरपटत निघतो. वाफ कमरेच्या उंचीला आहे. जमेल."

"नाही. बसून राहा."

"तुला तिथे खुर्चीत काय कळतंय? इथे भट्टी झालीय."

"सांधा आणखी फाटला तर ती खाली येईल, भाऊजी. भिंतीला पाठ लावा, शर्ट तोंडावर ओढा आणि बसा."

"तू मला शिकवणार?" आणि मग त्यांनी मला शिवी घातली. तुझ्या नवऱ्याच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नव्हती. मला ती ऐकून धीर आला.

त्यांना बोलतं ठेवायचं म्हणून मी चिमीचं काढलं, तुझं काढलं. तुला वाटेल, अशा वेळी माणसाला घरच्यांची आठवण आली असेल. मी खोटं लिहीत नाही, त्यांना नाही आली. ते म्हणाले, "गप्प बस जरा. आवाज बारीक होतोय का ते ऐकतोय मी."

आणि मग ते बोलायचे थांबले.

मी हाक मारली. रेडिओत नुसती खरखर. पुन्हा मारली. लांब्या उठून बाहेर पळाला. मला उठता येत नव्हतं, मी उठले असते तर झडप कुणी बघितली असती? मनात येत होतं, आता पूर्णच उघडावी. ते पडले असतील तर लवकर पोचायला हवं, आणि गेलेच असतील तर आता धाडीला काय भ्यायचं. भीतीने माझा हात गारठला नाही, ताई, तो घाई करत होता. मी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून ठेवलं. तसंच थोडं उघडलं, थांबले, पुन्हा थोडं उघडलं. साहेब माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

मग लांब्याचा आवाज आला. "दिसतायत. बसलेत. हात हलवतायत."

माझं न ऐकता त्यांनी एकदा सरपटायचा प्रयत्न केलाच होता. रेडिओ धरलेला हात पुढे टाकला आणि तो भाजला. रेडिओ पडला, ते मागे सरकले आणि भिंतीला टेकून बसले. शेवटी तिथली वाफ पांढरी दिसायला लागली. पांढरी दिसली म्हणजे जोर गेला. मग नुसतं ठिबकायला लागलं आणि ते चालत बाहेर आले.

बाहेर येऊन ते थांबले नाहीत. लांब्या हाका मारतोय, हे चालतायत. सगळ्या ओळी ओलांडून फाटकापर्यंत गेले. तिथे वळून त्यांनी लांब्याला विचारलं म्हणे, "आता थांबू का?"

धाकटी


१ एप्रिल

ताई,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा भाऊजी तुझ्याकडे येऊन काही दिवस झालेले असतील, आणि यातलं बरंच तुझ्या लक्षातही आलं असेल. तरी लिहिते.

त्यांच्यासमोर कुकर लावू नकोस. मी लावला तेव्हा शिट्टी व्हायच्या आधीच, नुसतं सूं सूं सुरू झालं तसे ते ताटावरून उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. कुणी सायकलच्या चाकात हवा भरत असेल तर त्यांना दुसऱ्या रस्त्याने ने. नळ सोडायच्या आधी त्यांना सांग. त्यांच्या हाताकडे सारखं बघू नकोस. आणि चालताना ते एक हात पुढे धरतात, मोकळ्या रस्त्यावरसुद्धा. त्याबद्दल काही विचारू नकोस.

यायचं त्यांचं त्यांनीच ठरवलं. पिशवी भरली आणि मला म्हणाले, "चिमीला बघून येतो." तुझं नाव घेतलं नाही, पण कपडे दोन दिवसांचे नव्हते. मी स्टँडवर सोडायला गेले. बस लागली, दार फुस्स करून उघडलं आणि ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. ताई, ते माझ्या मागे लपले. ती बस आम्ही सोडली. पुढचीही सोडली. संध्याकाळकडे एक जुनाट गाडी आली, हाताने ओढायच्या दाराची. तिच्यात बसले. खिडकीतून म्हणाले, "तू पण निघ तिथून."

मी निघाले नाही. सांधा नवीन बसवलाय, पुढच्या आठवड्यात ओळी पुन्हा चालू होणार. साहेब सगळ्यांना सांगत फिरतात की थोडक्यात निभावलं. मी त्यांना जाऊन सांगितलं की ओळी चालू असताना आत माणूस जाणार नाही. काही बघायचं असेल तर आधी ओळ थंड करायची. ते म्हणाले, "बघू." मी म्हटलं, मग या खुर्चीत दुसऱ्या कुणाला तरी बसवा. त्यांनी लांब्याकडे पाहिलं. लांब्या म्हणाला, "माझ्याकडे बघू नका, साहेब. मीही नाही बसणार." शेवटी साहेबांनी होकारार्थी मान हलवली. खोलीतून बाहेर आल्यावर मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. लांब्याही शेजारी येऊन बसला.

मी का निघाले नाही हे तू विचारणार. मी निघाले तर माझ्या खुर्चीत बसेल त्याला ढगाची भीती वाटेलच असं नाही.

धाकटी


१० एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. "आलेत. झोपलेत. तू जेवतेस का?" एवढंच. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

जेवते. कमी जेवते, पण जेवते. ते झोपले हे वाचून मलाही जरा झोप लागली.

आज ओळी चालू केल्या. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. पाणी सोडलं, आरसे उन्हाकडे वळवले, आणि तिसऱ्या ओळीत वाफ धरायला लागली. मी आकडे बघत राहिले. प्रकल्प विकत घेणारे पाहुणे आले होते. ते काचेपलीकडे उभे राहून ओळींकडे बोट दाखवत होते. लांबून ते आरसे फार सुंदर दिसतात, तुला आठवत असेल.

दुपारी एक ढग आला. हातरुमालाएवढा. मी तिसरी ओळ उन्हातून काढायला घेतली.

साहेब माझ्या खुर्चीपाशी येऊन हळूच म्हणाले, "एवढ्याशा ढगाला?"

"हो," मी म्हटलं, "एवढ्याशाला."

ते पाहुण्यांकडे परत गेले. काय सांगितलं त्यांना ते मला माहीत नाही. आरसे वळले. धाड झाली नाही. नळी वाकली नाही, काच तडकली नाही. ढग निघून गेला आणि जणू काही झालंच नाही. खरंच काही झालं नव्हतं.

लांब्याने फाटकावरून येऊन सांगितलं होतं की ओळींत माणूस नाही, फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली त्याच्या खिशात आहे. त्याने ती काढून माझ्यासमोर ठेवली. तरी मी रेडिओ उचलला आणि विचारलं, "तिसऱ्या ओळीत कुणी आहे का?"

कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे चांगलंच, हे मला कळत होतं. लांब्यालाही कळत होतं. आम्ही दोघं त्या खरखरीकडे कान लावून बसलो होतो.

मग मी पुन्हा विचारलं.

तुझी धाकटी